अगिनाया गाताना अडते

"आणि मधेच विसरले तर, अपो?"

अपो म्हणजे आजी. पण ही म्हातारी इंदुनाय अगिनायाची सख्खी आजी नव्हे, गुरू. फिलिपिन्सच्या उत्तरेला, इफुगाओच्या डोंगरात, भात कापता कापता बायका हुडहुड गातात. जुन्या वीरांची ती लांबलचक गाथा. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती पुढे नेतात. यंदा ओळ उचलायचा मान पहिल्यांदाच अगिनायाला मिळाला होता.

"विसरशील," इंदुनाय म्हणाली.

"मी? सगळी गाथा तोंडपाठ आहे मला! झोपेतून उठवून विचारा."

"दिसतंय ते."

"मग एकदा तरी म्हणा ना, की मला हुडहुड येतं."

म्हातारी पानाला चुना लावत राहिली. पोरीचा जीव टांगणीला लागला, तरी ही कौतुकाचा शब्द काढील तर शपथ!

कापणीच्या दिवशी अगिनाया बांधावर उभी राहिली. आणि काय गायली! ओळ स्वतःच उचलायची, स्वतःच संपवायची. बायका तोंड उघडेपर्यंत ही पुढच्या ओळीवर. कोणी सूर बिघडवला तर? त्यापेक्षा कोणाला गाऊच द्यायला नको.

हळूहळू बायका गप्प झाल्या आणि खाली मान घालून भात कापत राहिल्या.

ऊन चढलं. गाथेतला वीर नदीकाठी पोचला, आणि...

पुढचा शब्दच आठवेना.

इतक्या माणसांत आपली शोभा होणार! अगिनायाने काकुळतीने बांधावर बसलेल्या गुरूकडे पाहिलं. गुरूने भलामोठा विडा उचलला आणि तोंडात कोंबला.

आता ही बोलणार तरी कशी?

मग खालच्या चिखलातून एका बाईने, वर न बघताच, वीराला नदीत उतरवलं. दुसरीने सूर धरला. मग तिसरीने, मग सगळ्यांनीच. अख्खं शेत गाऊ लागलं. वीर पलीकडच्या काठावर पोचलासुद्धा!

अगिनायाचे डोळे भरून आले. इतकं हलकं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिने पुढची ओळ उचलली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

मुद्दाम.

दुपारी ती गुरूपाशी येऊन बसली.

"अपो, मी विसरले."

इंदुनायने पिंक बाजूला टाकली, तोंड पुसलं.

"हो. आता तुला हुडहुड येतं."