मतपत्रिकेवरचे दुसरे नाव

एका खोऱ्यात एकदा एक म्हातारा मास्तर राहत असे. तो दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला हरायचा.

हे खोरे वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातले, आणि काळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्ये अरुंद नदी, नदीच्या कडेने एकमेकांना चिकटलेली घरे आणि त्या सगळ्यांच्या पोटाखाली कोळसा. घरटी एक तरी माणूस खाणीत उतरायचा. खोऱ्याचा खासदारसुद्धा तरुणपणी खाणीत कोळसा फोडलेला. लोक त्याला आपला मानत, आणि तो खरोखर आपला होता. मास्तर उभा राहायचा तो या माणसाविरुद्ध.

विचित्र गोष्ट पुढेच आहे. उमेदवारी अर्ज भरून झाला की मास्तर काठी टेकत घरोघर जाई आणि सांगे, "मत त्यालाच द्या. माणूस चांगला आहे. सभेला मात्र या."

"मास्तर, यंदा कितीनं पडायचं ठरवलंय?" पाळी संपवून येणारे कामगार त्याला चिडवत.

"तू मत दिलंस तर जरा कमीनं पडेन. म्हणून देऊ नकोस," मास्तर म्हणे आणि पुढच्या दाराकडे वळे.

सभेची त्या खोऱ्यात एक रीत होती. समोर दुसरा उमेदवार असला, म्हणजे मतदान होणारच असले, तर मतदानाच्या आधीच्या आठवड्यात चॅपेल म्हणजे प्रार्थनाघराच्या सभागृहात व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडत. दोन्ही उमेदवार थोडके बोलत. मग खाली बसलेल्यांपैकी कोणीही उठून प्रश्न विचारी आणि उमेदवाराला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. बायकांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता, पण त्या संध्याकाळी त्यांनाही कोणी अडवत नसे. साऱ्या खोऱ्यासमोर दिलेला शब्द फिरवणे खासदाराला जड जाई.

या मास्तरचा एक शिष्य होता. खाणकामगाराचाच मुलगा, मास्तरने शिकवला, त्याच्या बापाशी भांडून कॉलेजात पाठवला. शिकून परत आला तो नव्या विचारांनी पेटलेला. खासदाराने त्याला आपल्या प्रचाराचे काम सोपवले. त्या वर्षी खाणमालक मजुरी कापायला टपले होते आणि निवडणूक तोंडावर आली होती. मास्तर पुन्हा अर्ज भरणार हे कळताच शिष्य त्याच्या घरी आला.

"मास्तर, या वेळी नको. हात जोडतो."

"का?"

"मालक टपून बसलेत. आपण एक आहोत हे त्यांना दिसलं पाहिजे. आणि तुम्ही आपल्याच माणसासमोर उभे राहणार! लोक हसतात तुम्हाला. मला ते बघवत नाही."

"हसू देत की. खाणीत हसायला मिळत नाही त्यांना."

"तुम्हाला जिंकायचं नाही, त्याला पाडायचं नाही. मग हा खेळ कशासाठी?"

मास्तर म्हणाला, "अर्ज भरून झाल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर तुला वाद घालायचा मोह होईल."

शिष्य चिडून बाहेर पडला. त्याला वाटले, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, आणि हट्टाला उत्तर युक्तीनेच द्यावे लागते. उमेदवारी अर्जावर सूचक, अनुमोदक आणि त्यांच्याखाली आणखी आठ मतदारांच्या सह्या लागत. मास्तरला दर वेळी सही देणारी माणसे सगळ्यांना ठाऊक होती. शिष्य त्यांच्याकडे एकेक करून गेला. एकजुटीबद्दल तो मनापासून बोलला, आणि मनापासून बोलणाऱ्या शिकलेल्या मुलाला नाही म्हणणे त्या साध्या माणसांना अवघड गेले.

फक्त इद्रिस नावाचा एक कामगार घुटमळला. तो खालच्या बोगद्यात काम करायचा.

"वकीलसाहेब, माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. शिष्य कॉलेजात कायदा शिकला म्हणून सगळे त्याला थट्टेने वकील म्हणत. "पण आमच्या मार्गेडला सभेत विचारायचंय. आमचा बोगदा जुन्या बंद खाणीकडे सरकतोय. ती खाण पाण्यानं भरलीय. हल्ली कोळशाला घाम येतो. मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो, डोळ्यांना घाम आलाय तुमच्या. सरकारी तपासनीस यायला हवा, आणि तो खासदारानं जोर लावल्याशिवाय येत नाही."

"एवढंच ना? चारचौघांत विचारून त्यांना कशाला पेचात टाकायचं? मी स्वतः त्यांच्या कानावर घालतो."

आतून त्याची बायको मार्गेड म्हणाली, "कानावर घालायचं असेल तर माझा आवाज बरा मोठा आहे."

इद्रिस हसला. "ऐकलंत? पण तुम्ही शब्द देताय ना, मग झालं तर."

शिष्याने शब्द दिला. अर्जाच्या दिवशी मास्तर निवडणूक अधिकाऱ्यापुढे उभा राहिला तेव्हा सह्या अपुऱ्या होत्या. अधिकाऱ्याने कागद परत केला. वेळ संपल्यावर त्याने बाहेर येऊन जाहीर केले, की दुसरा उमेदवार नसल्यामुळे खासदार बिनविरोध निवडून आला आहे आणि मतदान होणार नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. वाद्ये वाजली. "सगळं खोरं एका माणसासारखं उभं राहिलं," असे शिष्याने पायरीवरून भाषण केले, आणि ते सांगताना त्याचे डोळे भरून आले.

सभेचा दिवस आला. सभा अर्थातच नव्हती. तरी संध्याकाळी चॅपेलच्या सभागृहात दिवा दिसला म्हणून शिष्य आत डोकावला. मास्तरने बाके पुसून ओळीने लावली होती. व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि स्वतः तो खाली, ऐकणाऱ्यांच्या पहिल्या बाकावर एकटाच बसला होता.

"मास्तर, हे काय? कोणी येणार नाही."

"माहीत आहे."

"मग कोणासाठी मांडलंत हे?"

"तुझ्यासाठी. ये, बस. मी सांगणार होतो ना तुला."

शिष्य बसला. मास्तर रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बोलू लागला.

"माझ्या आजोबांच्या काळात या मतदारसंघात निवडणूक होतच नसे. दोन जमीनदार घराणी जेवायला बसत आणि या खेपेला कोणाचा मुलगा पार्लमेंटात जायचा ते ठरवून उठत. त्यालाही एकजूटच म्हणत. माझ्या वडिलांच्या काळात दुसरा उमेदवार उभा राहिला. तेव्हा मत गुप्त नव्हतं, सगळ्यांसमोर नाव उच्चारावं लागे आणि जमीनदाराचा कारभारी समोर बसून ऐके. वडिलांनी दुसरं नाव उच्चारलं. त्यानंतर आमचं घर गेलं, शेत गेलं, म्हणून आम्ही या खोऱ्यात कोळसा काढायला आलो. आज आपला खासदार सज्जन आहे. त्याला पाडावं असं मला कधी वाटलं नाही. पण मत म्हणजे केवळ निवड नव्हे, मत म्हणजे माणसाला आपल्या दारापर्यंत यायला लावणं. समोर दुसरं नाव असलं की त्याला डोंगर चढून इथवर यावं लागतं, आणि एकदा आला की ज्याला मतही नाही त्याचंसुद्धा ऐकावं लागतं. मी जिंकण्यासाठी उभा राहत नव्हतो. ही दुसरी खुर्ची रिकामी राहू नये म्हणून उभा राहत होतो. आपली माणसं वाईट असतात म्हणून आपण त्यांना प्रश्न विचारतो, असं नाही. चांगला माणूसही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही."

शिष्य बाकावरून उठला. मग म्हणाला, "इद्रिसच्या बोगद्याचं त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलंय. मी पत्र लिहितो त्यांना. आजच लिहितो."

"लिही," मास्तर म्हणाला.

शिष्याने लिहिले. पण बिनविरोध निवडून आलेला उमेदवार मोकळा असतो, म्हणून पक्षाने खासदाराला दुसऱ्या मतदारसंघांत प्रचाराला पाठवले होते. तिथून तो परस्पर लंडनला गेला. त्याच्या चिटणिसाचे उत्तर आले, विषय संबंधितांना कळवला आहे. शिष्याने पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले. दरम्यान बोगदा रोज थोडा थोडा पुढे सरकत होता.

हिवाळ्यात एका सकाळी जुन्या खाणीतले पाणी कोळशाची भिंत फोडून आत शिरले. वरच्या बोगद्यातली माणसे धावत बाहेर आली. खालच्या बोगद्यातून कोणीच आले नाही. खाणीच्या तोंडाशी बायका शाली पांघरून उभ्या राहिल्या आणि पंप चालू असेपर्यंत उभ्याच राहिल्या. मग एकेक माणूस वर येऊ लागला. इद्रिसला बुटांवरून ओळखावे लागले.

अंत्यविधीला खासदार आला. तो खोटे रडला नाही. त्याने शिष्याला बाजूला घेतले आणि विचारले, "अरे, मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"लिहिलं होतं मी. दोनदा."

"ढिगांनी पत्रं येतात रे. पत्रांत लोक किती कायकाय लिहितात. इथं येऊन उभा राहिलो असतो, तर..." एवढे बोलून तो थांबला, कारण पुढचे वाक्य दोघांनाही ऐकायचे नव्हते.

शिष्य तडक मास्तरकडे गेला. मास्तर आता अंथरुणातून उठत नव्हता.

"मास्तर, बोला मला. काय वाटेल ते बोला."

"तुला बोलून इद्रिसला ऐकू जाणार आहे का?" मास्तर म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "पुढच्या वेळी सह्या कोण गोळा करणार?"

काही वर्षांनी पुढची निवडणूक आली. शिष्याने प्रचाराचे काम सोडले आणि स्वतःच्या नावाचा अर्ज हातात घेतला. सह्यांसाठी तो पुन्हा त्याच दारांवर गेला. तिथल्या काही दारांमागे सही करणारे हात उरले नव्हते. उरलेल्यांनी मुकाट्याने सही केली. एकाने मात्र सही करून झाल्यावर तोंडावर दार लावले, आणि शिष्याने ते रास्त मानले.

मार्गेडच्या दारात तो सर्वांत शेवटी गेला. आत जायला तो धजला नाही आणि तिने ये म्हटले नाही.

"माझी सही चालत नाही, वकीलसाहेब. कायदा तुम्ही शिकलात."

"सही नको. सभेला याल का, एवढंच विचारायला आलो."

"तुम्हाला ऐकायला?"

"नाही. त्यांना विचारायला."

"मला जे विचारायचं होतं ते मी पुरून आले," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सभेला सभागृह भरले. खासदार बोलला, शिष्य बोलला, आणि मग प्रश्नांची वेळ आली. कोणी उठेना. इतक्या वर्षांनी लोकांची सवयच मोडली होती; प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता. खासदाराने टोपीला हात घातला. तेवढ्यात मागच्या बाकावरून मार्गेड उठली.

"वरच्या खाणीत माझा धाकटा दीर उतरतो," ती म्हणाली. "तिथला हवेचा पंखा रात्रपाळीला बंद ठेवतात, कोळसा वाचवायला. खरं आहे का हे?"

खासदार म्हणाला, "बाई, मी माहिती घेतो. नक्की घेतो."

"घ्या. मॅनेजर तिकडं तिसऱ्या बाकावर बसलाय. मी उभी आहे."

खासदाराने मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजर आपल्या हातमोज्यांकडे पाहू लागला. मार्गेड बसली नाही. तिच्या शेजारची बाई उठून उभी राहिली, मग तिच्या पलीकडची. शिष्य व्यासपीठावरच्या दुसऱ्या खुर्चीत निश्चल बसून होता. आपण प्रचंड मतांनी पडणार हे त्याला माहीत होते आणि त्याचे त्याला काहीही वाटत नव्हते.

आपल्या गावात निवडणूक बिनविरोध झाली म्हणून गुलाल उधळण्याआधी, कोणाचा प्रश्न विचारायचा राहिला आहे तेवढे पाहून घ्यावे.