गुणाजी आणि रकान्यांची नावं

एका गावात एक भोळा गुणाजी होता. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तिथंच घोळ व्हायचा.

त्याची कमळाआत्या वधूवर सूचक मंडळ चालवायची. तिनं कॉम्प्युटर आणला आणि गुणाजीला मुलामुलींच्या माहितीचा तक्ता करायला बसवलं. गुणाजीनं रकान्यांना नावं दिली: पहिला, दुसरा, तिसरा.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, नाव असं द्यावं की वाचताच आत काय आहे ते कळावं! आणि दोन शब्द आले तर मध्ये जागा सोडू नकोस, खाली रेघ मार."

"बरं."

त्याच आठवड्यात शेजारी उबाळ्यांकडं बारसं होतं. काकू कौतुकानं म्हणाल्या, "गुणाजी, तूही एखादं नाव सुचव की."

गुणाजी पाळण्यात वाकला. बाळाला नीट न्याहाळलं. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "टकलू, खाली रेघ, रडका, खाली रेघ, ओला."

बायकांनी त्याला घुगऱ्याही न देता हाकललं.

आत्या कडाडली, "मेल्या, लोकांच्या लेकरांना नावं ठेवतोस? यापुढं नावं ठेवायची नाहीत!"

"बरं."

गुणाजी थेट कार्यालयात गेला आणि सगळ्या रकान्यांची नावं पुसून आला.

दुसऱ्या दिवशी झुंबरराव शेळके मुलासाठी स्थळ बघायला आले. आत्या बाहेर गेलेली. गुणाजीनं पडद्यावरचं वाचून दाखवलं, "मुलगी चांगली आहे. एकसष्ट. पंचवीस."

"एकसष्ट काय?"

"ते सांगता येत नाही. नाव ठेवायचं नाही."

"एकसष्ट वर्षांची सून?" झुंबरराव चहा टाकून उठले. ते वजन होतं.

आत्यानं सगळी नावं पुन्हा घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुणाजी, उद्या आपला मेळावा. दहा गावची माणसं येणार. एकदा तरी नाव काढ रे बाबा!"

गुणाजीलाही भरून आलं. "काढतो, आत्या."

मेळाव्याला मांडव भरला. आत्यानं माइक घेतला, पडद्याकडं पाहिलं आणि तिची बोबडी वळली.

"आता मंचावर येत आहेत... वय सत्तावीस... उंची साडेपाच फूट... आवड, क्रिकेट."

"मीच तो!" म्हणत अर्धा मांडव उठला. नवरदेवांत धक्काबुक्की झाली, मंच मोडला, मुलींचे बाप आत्याला शोधू लागले.

"गुणाजी! नावाचा रकाना कुठंय?"

"काढला ना! तूच म्हणालीस, नाव काढ. मुलांचं काढलं, मुलींचं काढलं," गुणाजी अभिमानानं म्हणाला. "तुझं तेवढं राहिलं होतं. म्हणून येताना कार्यालयावरची पाटी उतरवून भंगारात देऊन आलो."