गोगूचं हरवलेलं अय्या

परसदारी एक पायरी होती. पायरीखाली एक गोगलगाय होती. तिचं नाव गोगू.

गोगू एवढीशी. गोगू एकटी. ना भाऊ, ना बहीण.

रोज सकाळी गोगू पायरीवर चाले. सुळुक... थांब. सुळुक... थांब. मागे उमटे एक रेघ. चमचम रेघ!

रोज घरातली छोटी शेवू यायची. रेघ बघायची. म्हणायची, “अय्या!”

तेवढं एक अय्या, की गोगूचा दिवस छान जायचा.

पण काल शेवू आली नाही. आजही आली नाही. रेघ होती, अय्या नव्हतं. गोगूला रडूच आलं.

“माझं अय्या हरवलं!”

गोगू निघाली. सुळुक... थांब. सुळुक... थांब. दारात बसली होती शेवू, गाल फुगवून.

“शेवूताई, शेवूताई, बघ ना!
माझं अय्या हरवलं!”

शेवू म्हणाली, “मी नाही बघणार! रोज तीच रेघ, त्यात काय बघायचं? आणि माझे केस डोळ्यांवर येतात. आईने वेणी घातली, तर बघेन.”

गोगू निघाली. सुळुक... थांब. सुळुक... थांब. शेगडीपाशी होती आई.

“आई, आई, वेणी घाल ना!
शेवू बघेना,
माझं अय्या हरवलं!”

आई म्हणाली, “मी नाही बाई घालणार! दुधाचं भांडं रिकामं. म्हशीने दूध दिलं, तर घालेन.”

गोगू निघाली. सुळुक... थांब. सुळुक... थांब. गोठ्यात होती म्हैस.

“म्हशीबाई, म्हशीबाई, दूध दे ना!
आई वेणी घालेना,
शेवू बघेना,
माझं अय्या हरवलं!”

म्हैस म्हणाली, “मी नाही देणार! घसा सुकला. विहिरीने पाणी दिलं, तर देईन.”

गोगू निघाली. सुळुक... थांब. सुळुक... थांब. किती बाई हळू! चिंचेखाली होती विहीर.

“विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे ना!
म्हैस दूध देईना,
आई वेणी घालेना,
शेवू बघेना,
माझं अय्या हरवलं!”

विहीर म्हणाली, “मी कशी देणार? पाणी खोल, खोल. वरचा रहाट फिरला, तर देईन.”

गोगू काठावर चढली. सुळुक... थांब. सुळुक... थांब. दमली हो बिचारी! वर होता म्हातारा रहाट.

“रहाटबुवा, रहाटबुवा, फिर ना!
विहीर पाणी देईना,
म्हैस दूध देईना,
आई वेणी घालेना,
शेवू बघेना,
माझं अय्या हरवलं!”

रहाट म्हणाला, “मी नाही फिरणार! रोज फिरतो. रोज गातो. कुणी मान वर करून बघत नाही. मला बघून कुणी अय्या म्हणालं, तर फिरेन.”

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. गोगूने शिंगं आत घेतली. शंखात अंधार. फार फार एकटं वाटलं.

मग तिच्या मनात आलं, रहाटबुवाही एकटाच आहे की!

हळूच एक शिंग बाहेर आलं. गोगूने मान वर केली. केवढा गोल रहाट! लाकूड किती गुळगुळीत! आणि खाली लोंबत होता एक थेंब. थेंबात अख्खं आभाळ.

“अय्या!” गोगू म्हणाली.

रहाट हसला. कुई कुई, कुई कुई!

रहाट फिरला.
विहिरीने पाणी दिलं.
म्हैस प्यायली, घटघट घटघट.
म्हशीने दूध दिलं, चुर्र चुर्र.
आईने वेणी घातली, घट्ट घट्ट.

शेवूच्या डोळ्यांवरचे केस गेले. शेवूने पायरीवर बघितलं.

गोगू नव्हती. रेघ होती. रेघ पायरीवर संपतच नव्हती! शेवू निघाली रेघेमागे. दुडूदुडू, दुडूदुडू.

रेघ गेली शेगडीपाशी.
“अय्या! दुधाला केवढी साय!”

रेघ गेली गोठ्यात.
“अय्या! म्हशीच्या डोळ्यात मी!”

रेघ गेली विहिरीवर.
“अय्या! पाण्यात ढग!”

रेघ गेली रहाटापाशी.
“अय्या! रहाट गातोय!”

तिथे रेघ संपली. तिथे बसली होती गोगू, दमून.

शेवू खाली वाकली. अगदी नाकाला नाक.

“अय्या! एवढी मोठी रेघ, आणि एवढीशी तू?”

गोगूची दोन्ही शिंगं बाहेर आली.

शेवूने गोगूला तळहातावर घेतलं. पायरीपाशी नेलं. वाटेत गोगू तळहातावर चालली. सुळुक... थांब. शेवूला गुदगुल्या झाल्या.

रेघ संपली, गोगू निजली. आपणही निजू, शंखात शिरू.