मागच्या सीटवरचे बाबा

“वळणं आहेत, डांबर लोण्यासारखं आहे, समोरून चिटपाखरू येत नाही. मग मजा कुठे अडते, बाबा?”

हिरानाथबाबा घाटाच्या पायथ्याच्या मठात हरभरा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अनघा बोरसे धुळ्याहून मोटरसायकलवर आली होती. ती इतकी सराईत होती, की तिच्या मागून गाडी चालवायला मिळावी म्हणून माणसं धडपडत. आणि गेलं वर्षभर तिचं कुठल्याच रस्त्यावर मन लागत नव्हतं. गाडी विकून टाकावी, इथवर विचार आला होता.

“रस्ता चांगला कशाने होतो, एवढंच सांगा.”

“मला वरच्या देवळापर्यंत सोड.”

तिने जादाचं हेल्मेट काढलं. जटांवर ते बसेना. कसंबसं बसवलं.

पहिल्याच वळणावर बाबा भलत्या बाजूला कलले. गाडी वळणाबाहेर गेली, दरीकडे.

“बाबा! मी कलेन तिकडेच कलायचं.”

“बरं.”

दुसऱ्या वळणावर ते वळण यायच्या आधीच कलले. तिसऱ्यावर पोत्यासारखे ताठ बसले. अनघाला हा घाट तोंडपाठ होता, पण आज तिला एक वळण धड घेता येईना.

तिने गाडी कडेला घेतली.

“मुद्दाम करताय का तुम्ही?”

“मला पुढचं काय दिसतंय, पोरी? तुझी पाठच दिसते. तू सांग, मी करतो.”

…

“उजवं येतंय,” ती नाइलाजाने म्हणाली. “थांबा… आता. सरळ व्हा. आता डावं, मोठं आहे… अजून… अजून…”

“अजून?” बाबा ओरडले.

“अजून! हां, सोडा!”

बाबा मागे खदखदून हसले. तोंडपाठ घाटाचं एकेक वळण ती आज नीट बघून सांगत होती, आणि कधी कोण जाणे, तीही हसायला लागली.

देवळापाशी गाडी थांबली तेव्हा ओरडून ओरडून अनघाचा घसा बसला होता. तिने वळून पाहिलं आणि चक्रावली. शेवटच्या टप्प्यात डांबर उखडून काढलेलं होतं. नुसती खडी. अशा खडीवरून जाताना ती एरवी दात आवळून बसायची.

“ही खडी… मला कळलीच नाही.”

बाबा हेल्मेट ओढून काढत होते.

“म्हणजे रस्त्याचं काही नाही. सोबत हवी. हो ना?”

बाबांनी मान हलवली. नाही.

“मग बोलत राहायला हवं?”

नाही.

“मग हसायला?”

बाबांनी हेल्मेट तिच्या हातात दिलं आणि ते देवळाच्या पायऱ्या चढू लागले.

अनघाला काहीच उमगेना. मघाशी छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, एवढं खरं होतं. पण ते कशाने, हे हाती लागत नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय खाली उतरायची तिला भीती वाटू लागली.

“बाबा, तुम्ही येत नाही का परत?”

“मी आज इथेच.”

तिने रिकाम्या सीटकडे पाहिलं.

“मग उतरताना मी काय करू?”

बाबा थांबले. त्यांनी वळून घाटाकडे पाहिलं.

…

“प्रत्येक वळण सांगत जा,” ते म्हणाले. “पण मागे कुणी बसलंय, असं समजू नकोस.”