सांगाड्यावरची पितळी पट्टी

जयसिंगपूरच्या रायगोंडा मिस्त्रीला “गाडी कधी?” असं विचारायला गिऱ्हाइकं थरथरायची. एकानं विचारलं, तर त्याच्या गाडीचे सुटे भाग पोत्यात भरून रस्त्यावर आले होते.

सुकुमार मास्तरांनी हौसेनं बांधायला दिलेली मोटारसायकल वर्षभर नुसता सांगाडा होऊन उभी होती. जत्रा तोंडावर आली, तेव्हा मास्तरांनी जीव मुठीत धरून विचारलंच.

मिस्त्री गरजला, “घाई असंल तर सांगाडा घेऊन जावा.”

मास्तरांनी सांगाड्यावरची धूळ रुमालानं पुसली. “नेतो,” ते म्हणाले, “फक्त तुमच्या नावाची पितळी पट्टी तेवढी त्यावर ठोकून द्या. जत्रेत देवळासमोर उभा करतो. कुणाचं काम, ते लोकांना कळू दे.”

मिस्त्रीचा चेहरा उतरला. पाना उचलत तो हळूच म्हणाला, “मास्तर, जत्रा कधी हाय वो?”