शास्त्रीबुवांची पुरणपोळी

"केरोभट, स्वयंपाक कितपत जमतो तुम्हाला?"

"आपला जेमतेम, शास्त्रीबुवा."

झालं! एवढ्या उत्तरावर चंदनगडच्या राजवाड्यातला जुना आचारी घरी बसला.

हा सगळा प्रताप भालचंद्रशास्त्र्यांच्या 'स्वभावकसोटी'चा. माणसाला प्रश्न विचारायचे, उत्तर शब्दाला शब्द धरून तोलायचं आणि त्याची लायकी ठरवायची. प्रतापराव महाराज तर खुळावलेच! नोकरी कसोटीवर, बढती कसोटीवर. पाठशाळेतली पोरंही सुटली नाहीत. एकजण म्हणाला, "मला झोपायला आवडतं," तर त्याला मोठेपणी दरबारात मंत्री करायचं ठरलं!

आता आपल्याकडे कुठला भला माणूस स्वतःची आरती स्वतः ओवाळतो? पण तबेल्यातल्या रंगोजीने ओवाळली. "माझ्यासारखा आचारी त्रिभुवनात नाही!" म्हणाला, आणि मुदपाकखाना त्याला मिळाला. तेव्हापासून महाराज करपलेली आमटी मुकाट गिळत होते. पण कसोटी चुकली म्हणतील तर शपथ!

केरोभटांनी हाय खाल्ली. मग त्यांची मुलगी आवडी पदर खोचून थेट दरबारात गेली.

"महाराज, कसोटी खोटी आहे! माझ्या बाबांना परत कामावर घ्या."

"खोटी?" महाराज भडकले. "मग हे शास्त्रीबुवांच्याच तोंडून वदवून दाखव! उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं तर बापलेकींनी गाव सोडायचं!"

शास्त्रीबुवा मिशीत हसले. "मुली, माझ्या तोंडून? सूर्य पश्चिमेला उगवेल!"

"बरं," आवडी म्हणाली, "मग उद्या दोघांनीही बाबांच्या हातचं जेवायला यावं."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पुरणाचा वास दरवळला. शास्त्रीबुवांनी तर सकाळपासून पाणीसुद्धा बेतानेच प्यायलं होतं! वरणभाताची मूद त्यांनी एका घासात संपवली. तेवढ्यात आवडी पोळ्यांचं ताट घेऊन आली.

"महाराज, पोळी?"

"वाढ की! दोन वाढ!"

"शास्त्रीबुवा, पोळी?"

"नको नको!" शास्त्रीबुवांनी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला.

"बरं," म्हणून आवडी पुढे गेली.

शास्त्रीबुवा बघतच राहिले. अहो, आग्रह कुठे गेला?

"तूप, शास्त्रीबुवा?"

"छे छे, कशाला!"

"बरं."

"भजी?"

"पुरे, पुरे झालं हो!"

"बरं."

महाराज तुपात बुडवून तिसरी पोळी चेपत होते. शास्त्रीबुवांच्या पानात मीठ, लिंबू आणि चिमूटभर चटणी! पोटात कावळे कोकलत होते. आवडी ताट उचलून आत निघाली, तसा त्यांचा धीर सुटला.

"अगं ए मुली! परत कुठे नेतेस?"

"तुम्हीच 'नको' म्हणालात ना?"

"अगं, 'नको' म्हटलं म्हणजे काय खरंच नको असतं का? माणूस असं म्हणतोच! एवढंही कळत नाही तुला?"

"मला कळतं, शास्त्रीबुवा. तुमच्या कसोटीला कळतं का? माझे बाबा 'जेमतेम' म्हणाले, ते खरंच जेमतेम होतं का?"

महाराज आधी ठसकले, मग पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांनी गळ्यातला कंठा काढून आवडीच्या हातात दिला.

"केरोभट, आजपासून मुदपाकखाना तुमचा! आणि रंगोजीला म्हणावं, तबेल्यात जा, घोडे वाट बघताहेत! पोरी, आता शास्त्रीबुवांना वाढ. आणि हो, विचारू मात्र नकोस!"