लक्षाची परतीची वाट

एकदा एका वृद्ध चिकित्सकांकडे शाल्मली नावाची तरुणी उपचारांसाठी आली. बुद्धी तल्लख, पण लक्ष एका जागी न ठरणारे. जन्मापासून मेंदूची घडणच तशी. मागे एका कटलेल्या पतंगाकडे पाहत ती भर रस्त्यात चालत गेली होती. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. तेव्हापासून वडिलांनी तिला एकटीने घराबाहेर पडू दिले नव्हते. कॉलेजही सुटले होते.

चिकित्सकांचा शिष्य निरंजन याने तिच्यासाठी आभासी वास्तवाचा चष्मा सिद्ध केला. तो डोळ्यांवर चढवला की समोर रस्ता दिसे. नीरव रस्ता, एक सिग्नल, क्वचित एखादी मोटार. शाल्मली तो अचूक ओलांडू लागली.

"सर, आता हिला बाहेर पाठवू या," निरंजन आनंदाने म्हणाला.

वृद्ध म्हणाले, "आधी यात भोंगे घाल. फेरीवाले, फुगे, वरातसुद्धा."

"सर, ती कोलमडेल!"

"घाल."

झालेही तसेच. वरातीतला घोडा पाहता पाहता शाल्मली आभासी मोटारीसमोर गेली. चष्मा काढून ती रडू लागली. "माझं लक्ष जातंच हो!"

निरंजनला गुरूंचा राग आला. वृद्ध मात्र तिच्याशेजारी बसले. "बाळ, लक्ष गेलंय हे तुला कळलं का?"

"कळलं. पण उशिरा."

"मग लवकर कळायचा सराव करू. लक्ष गेलं की आधी पाय थांबवायचा." मग ते शिष्याकडे वळले. "तुझ्या रस्त्यावर तिचं लक्ष जायला जागाच नव्हती, निरंजन. मग ते परत आणायला ती शिकणार कुठे? लक्ष तुझं-माझंही जातं. फक्त आपल्याला ते चटकन परत आणता येतं. तिला ती परतीची वाट पुन्हा पुन्हा चालावी लागेल. इथे चुकली तर रडू येईल. बाहेर चुकली तर जीव जाईल."

निरंजनची मान खाली गेली. त्याने गोंगाट कमी केला आणि तिला झेपेल तसा हळूहळू वाढवत नेला.

काही महिन्यांनी शाल्मली खऱ्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागे वडील आणि निरंजन. सिग्नल मिळाला, आणि नेमकी तिची नजर बांगड्यांच्या गाडीवर गेली. वडिलांनी तिला धरायला हात पुढे केला. निरंजनने तो हलकेच अडवला.

तिचा पाय जागीच होता. क्षणभराने तिने मान वळवून सिग्नल पाहिला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि चालू लागली.

पलीकडून तिने हात हलवला. वडील उलट हात हलवायचे विसरून नुसते पाहत राहिले.